स्पष्टरेषा शैली

चित्रकथांतील एक रेखाटनशैली. उगम बेल्जियममध्ये, प्रवर्तक टिनटिन या चित्रकथानायकाचे जनक एर्जे (मूळ नाव जॉर्ज रेमी, १९०७–८३). बहुतांशी एकाच जाडीची अखंड रेषा, सपाट रंग आणि छायांकनाचा जवळजवळ पूर्ण अभाव ही तिची लक्षणे. माणूस, मोटार, दूरची इमारत या सर्वांना रेषेचा सारखाच मान मिळतो, त्यामुळे चौकटीत काहीच धूसर राहत नाही. चेहरे मात्र मोजक्या रेषांचे आणि परिसर कसून अभ्यासलेला. टिनटिनचे डोळे म्हणजे दोन ठिपके, पण त्याच्यामागची जहाजे आणि विमाने खऱ्या नमुन्यांवरून काढलेली असतात. हा विरोध खटकत नाही, यातच एर्जे यांची थोरवी आहे.

ही शैली उसनवारीतून घडली. १९२९ मध्ये टिनटिन प्रथम अवतरला, तेव्हाचे चित्रण ओबडधोबड होते. संवादफुग्यांचा वापर फ्रेंच चित्रकार आलँ सँतोगाँ यांच्याकडून आला, तर नेटक्या रेषेचे ऋण अमेरिकन जॉर्ज मॅकमॅनस यांचे. सर्वांत खोल संस्कार चिनी आहे. ब्रुसेल्समध्ये शिल्पकला शिकणारे झांग चोंगरेन एर्जे यांना १९३४ मध्ये भेटले. त्यांनी चिनी कुंचल्याचे तंत्र दाखवले आणि चीनविषयीचे युरोपीय पूर्वग्रहही दूर केले. ‘द ब्लू लोटस’ ही टिनटिनकथा त्याचे फळ. त्यातील दुकानांच्या पाट्यांवरील चिनी अक्षरे झांग यांनीच लिहिली.

अचूकतेचा हा ध्यास पुढे वाढतच गेला. ‘द ब्लॅक आयलंड’ या टिनटिनकथेची १९६६ ची आवृत्ती नव्याने रेखाटण्यापूर्वी सहकारी बॉब द मूर यांनी ब्रिटनला जाऊन तिथली स्थळे टिपून आणली.

एर्जे यांची शैली घडत होती त्याच काळात अमेरिकेत चित्रकथाकार मिल्टन कॅनिफ नेमके उलट टोक गाठत होते: भरघोस काळी शाई, ओला कुंचला, छायाप्रकाशाचे नाट्य. कॅनिफ प्रसंगाचा भाव आधी पोचवतात. एर्जे प्रसंग आधी समजावतात. खुद्द बेल्जियममध्येही ‘स्पिरू’ साप्ताहिकाभोवतीच्या मार्सिनेल संप्रदायाने, विशेषतः आंद्रे फ्रांकँ यांनी, जाड-बारीक होणारी उसळती रेषा वापरली. हालचाल दाखवण्यात ती निःसंशय सरस आहे.

शैलीला तिचे नाव १९७७ मध्ये डच चित्रकार योस्त स्वार्ते यांनी दिले. १९८० च्या दशकात फ्रान्समधील इव्ह शालाँ (१९५७–९०) यांनी एर्जे यांचा नेटकेपणा आणि मार्सिनेलचा कुंचला एकाच पानावर नांदवला.