एकतर्फी भाडे

एकतर्फी भाडे : गिऱ्हाईक एकाच बाजूचा प्रवास करते किंवा माल देते, पण वाहनाला मुक्कामी परत यावेच लागते, अशा फेरीची किंमत. परतीच्या मोकळ्या फेरीचा खर्च कोणी आणि किती सोसायचा, एवढाच या किमतीतला वादाचा भाग. उसाच्या ट्रॅक्टरपासून चार्टर विमानापर्यंत तो सारखाच आहे. रकमा वेगळ्या, आणि परतीचे गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता वेगळी.

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील पाटस येथे या व्यवहाराचे बरेच नमुने एकत्र दिसतात. पुणे–सोलापूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ९, आताचा ६५) गावावरून जातो. बारामती, इंदापूर, अकलूजकडे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग (९६५ जी) येथूनच फुटतो. महामार्गावर टोलनाका आहे, पूर्वेला जवळच कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत, आणि गावाच्या नावाने ओळखला जाणारा भीमा सहकारी साखर कारखाना.

उसाची वाहतूक हा सर्वांत निखळ नमुना. गळीत हंगामात ट्रॅक्टर दोन मोकळ्या ट्रॉल्या खडखडवत फडात जातो आणि भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर येतो. काट्यावर नंबर लागेपर्यंत थांबतो, खाली करतो, पुन्हा मोकळाच निघतो. कारखान्याकडून फडाकडे न्यायला माल नसतो, त्यामुळे परतीचे भाडे शोधण्याचा प्रश्नच येत नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतराच्या टप्प्यावर ठरतो. तो भरलेल्या खेपेसाठी दिला जात असला, तरी मोकळी खेप त्यात धरलेली असते. ही रक्कम तोडणीच्या खर्चासह शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून) वजा होते, आणि बहुतेक ठिकाणी सरासरीने होते. म्हणजे कारखान्याला लागून ज्याचा ऊस आहे, तो लांबच्या उसाच्या मोकळ्या फेरीचेही पैसे भरतो. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. या अटीमुळे शेतकऱ्यापुढचे पर्याय कमी होतात. मोकळ्या फेरीचा बोजा शेवटी ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्याकडेच सरकतो, हे येथे स्पष्ट दिसते.

दुधाच्या आणि रसायनांच्या टँकरचीही गत जवळपास तीच. दुधाच्या टँकरमधून दुसरे काही आणता येत नाही. रसायनाचा टँकर धुतल्याशिवाय वेगळा माल भरता येत नाही, म्हणून त्यांचे भाडे ठरतानाच दोन्ही बाजू धरल्या जातात.

ट्रकचे गणित मात्र खुले असते. पाटस ते मुंबई अंतर सुमारे २१० किलोमीटर. समजा डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर, मोकळी ५ किलोमीटर चालते. जाताना ४,७२५ रुपयांचे डिझेल जळेल, मोकळे येताना ३,७८० रुपयांचे. वाचले ते जेमतेम ९४५. ड्रायव्हरचा पगार, गाडीचा हप्ता, विमा काही थांबत नाही, टोलही चुकत नाही. म्हणून मुंबईहून परतताना या हजारभर रुपयांवर हमाली, वाराई आणि दलाली सुटून जे काही उरेल, ते मालकाला फायद्याचेच वाटते. तसे ते असतेही, पण गाडी लगेच भरत असेल तरच. नवी मुंबईत कळंबोलीला रिटर्न भाड्याची वाट पाहत एक दिवस गेला आणि तेवढ्यात इकडची एक पूर्ण भाड्याची खेप हुकली, तर मिळालेले रिटर्न भाडे तोट्याचे. जुने ट्रान्सपोर्टवाले डिझेलपेक्षा दिवसाचा हिशेब आधी मांडतात, तो याच कारणाने. टॅक्सीवाल्यांनी हा प्रश्न ठोक पद्धतीने सोडवला आहे : बाहेरगावी गेल्यास दिवसाला किमान अमुक किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता, मग गिऱ्हाईक परत येवो न येवो.

एसटीचा ‘प्रासंगिक करार’ हे मराठी माणसाच्या ओळखीचे चार्टर म्हणता येईल. लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी ठरवली, की आगारापासून आगारापर्यंतचे किलोमीटर मोजले जातात. वधूपक्षाच्या दारात गाडी लागण्याआधीच मीटर सुरू झालेला असतो, यावर मांडवात कुरकुर होते, पण हिशेबाला तो नियम बरोबरच आहे. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या जादा गाड्या एकादशीच्या आधी भरून जातात आणि मोकळ्या परततात, नंतर उलटे होते. तिकीट मात्र दोन्ही बाजूंना सारखेच राहते. सार्वजनिक सेवेला ते शोभते. खाजगी व्यावसायिकाला परवडणारे नाही.

चार्टर विमानात हेच गणित सर्वांत महाग होते, कारण मोकळे विमान भरलेल्या विमानाच्या मानाने फारसे स्वस्त उडत नाही. सात-आठ प्रवासी कमी झाल्याने इंधन थोडेच वाचते. उड्डाणाच्या तासांवर ठरलेली इंजिनाची देखभाल, वैमानिकांचे कामाचे तास आणि उतरण्याचे शुल्क तेवढेच लागते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन घ्या. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे होते. समजा त्यासाठी कोणी मुंबई–नागपूर एकतर्फी छोटे जेट मागितले. एका बाजूचा उड्डाणाचा खर्च अडीच लाख, आणि त्या दिवसाच्या वाट्याला येणारा स्थिर खर्च व नफा दीड लाख धरू. दोन्ही बाजूंची किंमत साडेसहा लाख होते. गिऱ्हाईक म्हणते, मी एकाच बाजूला जाणार, निम्मे घ्या. निम्म्यात, म्हणजे सव्वातीन लाखांत, दोन्ही बाजूंच्या उड्डाणाचे पाच लाखही निघत नाहीत. परतीची फेरी दोन लाखांना विकली जाण्याची शक्यता चारात एक असेल, तर तिची आजची किंमत पन्नास हजार. तेवढीच सूट देता येते, म्हणजे सहा लाख. चार लाखांचा दर द्यायचा, तर नुसता उड्डाणखर्च निघण्यासाठीसुद्धा दोनात एक फेरी विकली जायला हवी.

अडचण अशी, की अधिवेशन सुरू होताना सगळ्यांनाच नागपूरला जायचे असते. परतीचे गिऱ्हाईक ज्या दिवशी सर्वांत जास्त हवे, त्याच दिवशी ते कोणाकडेच नसते. म्हणून अशा दिवसांत सूट शून्य धरणे शहाणपणाचे. उलट जिकडे गर्दी ओसरते आहे तिकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला खरी सवलत देता येते, कारण ते विमान तसेही जाणारच होते. नागपूरलाच विमान थांबवणे हा दुसरा मार्ग. त्यात विमान उभे करण्याचे शुल्क आणि वैमानिकांचा मुक्काम येतोच, शिवाय मुंबईतले दुसऱ्या दिवशीचे बुकिंग जाण्याचा धोका. ट्रकमालकाला कळंबोलीत पडणारा पेच इथे लाखांत पडतो.

परतीची मोकळी फेरी स्वस्तात विकताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, तिची वेळ मूळ गिऱ्हाइकाच्या हाती असते. त्याने दौरा दोन तास पुढे ढकलला, की परतीचा प्रवासी ताटकळतो, आणि दौरा रद्द झाला तर ही फेरीच उरत नाही. ही अट भाव सांगतानाच लेखी घालावी लागते. दुसरी अधिक नाजूक : अशा स्वस्त फेऱ्यांची रोज जाहिरात केली, तर पूर्ण भाडे देणारे गिऱ्हाईकही वाट पाहायला शिकते. त्यामुळे या फेऱ्या शेवटच्या एक-दोन दिवसांत, ठरावीक लोकांना कळवूनच विकलेल्या बऱ्या.

विमानाच्या इंधनावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे, त्यामुळे त्याचा भाव ठिकाणागणिक बदलतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगडसाठी तो २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. जेथे इंधन स्वस्त तेथून जास्त भरून आणायचे, हा वैमानिकी हिशेब मोकळ्या फेरीला सोयीचा पडतो, कारण विमान हलके असते. भाडे घेण्याचा अधिकार मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित सेवेचा परवाना असलेल्यालाच आहे. केवळ स्वतःच्या वापरासाठी नोंदवलेल्या विमानाने परतीला ओळखीचा प्रवासी पैसे घेऊन बसवणे हे पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने भाडे मारण्यासारखेच बेकायदा ठरते.