कपाशीचा फोटो आणि नेटवर्कच्या पिढ्या

मूर्तिजापुरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवताना मी नेटवर्कची एकेक पिढी गिऱ्हाइकांच्या हातात पाहिली. देशातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल खेड्यात शिरला.

जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो, फोटोचा आकार बाइटमध्ये. 8 बिट म्हणजे 1 बाइट. म्हणून कपाशीचा 2 एमबीचा फोटो म्हणजे 16 मेगाबिट. टूजीवर सेकंदाला 40 किलोबिट मिळाले तर तो जायला सात मिनिटं लागत. थ्रीजी देशात डिसेंबर 2008 मध्ये दिल्लीत सुरू झालं. त्याच्या 384 किलोबिट वेगावर 42 सेकंद. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, फोरजी स्वस्त झालं; 10 मेगाबिट वेगावर दोन सेकंदही लागत नाहीत.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं वऱ्हाडातली कपाशी पोखरली. शेतकरी फोडलेल्या बोंडाचा फोटो कृषी सेवकाला पाठवत आणि विचारत, "दादा, फोटो गेला काय?" तेव्हा मला वेगाचं खरं मोल कळलं.

ऑक्टोबर 2022 पासून देशात फाइव्हजी आहे. पण मेळघाटातल्या कितीतरी गावांत साधा कॉलही धड लागत नाही. शहरांचा वेग वाढवण्याआधी धारणी-चिखलदऱ्याच्या त्या गावांत टॉवर उभे करा, ही माझी कळकळीची मागणी आहे.