न फिरणाऱ्या रिळाची कुळकथा

शिवणकामाच्या दोऱ्याचं एक रीळ घ्या. ते पेन्सिलीत अडकवून आडवं धरा आणि दोरा ओढा. रीळ गरगर फिरेल. आता तेच टेबलावर उभं ठेवा आणि दोरा सरळ वर ओढा. रीळ जागचं हलत नाही, दोरा मात्र वेढ्यामागून वेढा सुटत जातो. किनाऱ्यावरून गरी टाकायला शिकणाऱ्याला मी आधी हेच करून पाहायला सांगतो. दुकानात ‘स्पिनिंग रील’ म्हणून मिळतं त्याचं कूळ या दुसऱ्या ओढीत आहे.

गरीचं रीळ तसं फार जुनं. चिनी चित्रकार मा युआन याच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रात होडीत बसलेल्या माणसाच्या काठीला रीळ दिसतं. पुढे कित्येक शतकं रीळ म्हणजे फिरणारं चाकच राहिलं. त्याची खोड पतंग उडवणाऱ्यांना ठाऊक आहे: ओढ थांबली तरी फिरकी फिरतच राहते आणि मांज्याचा गुंता होतो. किनाऱ्यावर ही खोड जास्तच नडते. फुटत्या लाटांपलीकडे पोचायचं तर शिसं जोरात भिरकावावं लागतं आणि चाक वेळेवर अंगठ्याने दाबलं नाही, तर दोरीचं घरटं हातात येतं.

यावर स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉकने १८८४ मध्ये तोड काढली. त्याचं चाक फेकीच्या वेळी काटकोनात वळवता येई. दोरी कडेवरून सुटायची. गुंडाळताना चाक पुन्हा सरळ करायचं. पण दर फेकीला दोरीला पीळ बसायचा. तरी ही कल्पना टिकली. ब्रिस्बेनच्या चार्ल्स अल्वी याने १९२० पासून त्याच तत्त्वावर रिळं बनवली आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर ती रुजली.

खरी कलाटणी मिळाली ती ब्रॅडफर्डमध्ये. हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव आणि आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ त्याच धंद्यातला. बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं, हे तिथे रोज डोळ्यांसमोर. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतलं: रीळ स्थिर, आणि दोरी गुंडाळायला त्याच्याभोवती फिरणारा हात. गिरणगावात ज्यांच्या घरची माणसं स्पिनिंग खात्यात होती, त्यांना यातली युक्ती समजावून सांगायला नको.

तेव्हाची दोरी रेशमाची. ती भिजून जड व्हायची आणि वाळवली नाही तर कुजायची. ड्यूपाँ कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची एकतंतू दोरी सगळीकडे पोचली. स्थिर रिळाला जोडीदार मिळाला.

नवशिक्याने घ्यायचं ते हेच रीळ. फेकताना चाक आवरावं लागत नाही. मात्र त्याच्या घडणीमुळे दोन नियम पाळावे लागतात. पहिला, दोरी काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरा. कमी भरली तर ती काठावर घासत सुटते आणि फेक आखूड पडते. दुसरा, मासा दोरी ओढून नेत असताना मूठ फिरवू नका. दोरी आत येत नाही, फक्त पीळ बसतो. मासा थांबला की काठी उचला, मग खाली नेत गुंडाळा.

आणि एक विनंती. रेशमाची दोरी वाळूत कुजून जायची. नायलॉन वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि पक्ष्यांच्या पायांत, कासवांच्या गळ्यात अडकतं. गुंता झालेली दोरी कापलीत, तर तिचा शेवटचा तुकडासुद्धा खिशात घालून घरी आणा.