शाळेचा शेवटचा दिवस : 1975, 1996, 2021

स्मरणिका समितीने माझ्याकडे यादीचं काम दिलं. "तू कॉम्प्युटरवाली, तुलाच जमेल," म्हणून आपल्या 1996च्या दहावीच्या बॅचची नावं, गावं आणि फोन नंबर एक्सेलमध्ये भरायचे. शाळेच्या ऑफिसातून निकालाचं जुनं पान मिळालं, त्यावरून यादी झाली. पण आपला सातवी-आठवीतला वर्ग आठवून मोजायला बसले, तर यादीतली नावं कमी भरायला लागली. मग ठरवलं, या स्मरणिकेत शाळेच्या शेवटाबद्दलच लिहू. आपल्या भागात शाळा कुणाची, कधी आणि कशी संपली?

सुरुवात आमच्या घरापासून करते. 'दहावी झाली म्हणजे शाळा संपली' हे आपल्याला कायमचं वाटतं, पण ते तेवढं जुनं नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा 1859 साली झाली आणि पुढे जवळजवळ 90 वर्षं शाळेचा शेवट विद्यापीठाच्या हातात होता. 1949 पासून एस.एस.सी. आली, 1966 साली राज्य मंडळ स्थापन झालं. पण शाळा होती अकरा वर्षांची. अकरावी मॅट्रिक व्हायचं आणि थेट कॉलेजात जायचं. 1962 पर्यंत त्यासाठी बारामती सोडावी लागे; त्या वर्षी तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं आणि मॅट्रिकनंतरची वाट गावातच उघडली.

कोठारी आयोगाने सुचवलेला दहा अधिक दोनचा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि मार्च 1975 मध्ये नवी दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन्ही बॅचेस परीक्षेला एकदमच बसल्या. आमच्या घरातून त्या वर्षी दोघं होती. वडील अकरावीला, आत्या दहावीला. वडील तुळजाराम चतुरचंदला गेले. आत्याचं पुढच्या वर्षी लग्न झालं. तिला या लेखासाठी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दादाला अकरा वर्षं शाळा मिळाली, मला दहाच. ते एक वर्ष असतं तर लग्न तरी वर्षभर लांबलं असतं." निरोपाच्या दिवशी वरचा आणि खालचा असे दोन्ही वर्ग एकाच पटांगणात बसले होते. कुणी कुणाला निरोप द्यायचा, हे कुणालाच कळत नव्हतं, असं ती हसत सांगते.

आता 1996. आपली परीक्षा 750 गुणांची. मराठी, हिंदी, इंग्रजी शंभराचे, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र दीडशेचे. फेब्रुवारीत सेंड-ऑफ झाला. नववीच्या मुलांनी पताका लावल्या, आपण वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणाला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज गेला. गंमत म्हणजे त्याच दिवशी घरी जाताना मी एस.टी.त खिदळत होते. प्रार्थनेची रांग, गृहपाठ, पट्टी यांतून सुटका झाली याचा आनंद होता. आणि उद्यापासून आपला बाक आपला नसणार, याने पोटात खड्डाही पडला होता. दोन्ही खरं होतं.

बारामती-इंदापूर रस्त्यावरची मुलं आपल्या वर्गात बरीच होती. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे. 1885 साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या पट्ट्याला ऊस दिला, उसाने साखर कारखाने दिले आणि कारखान्यांनी आपल्याला वर्गमित्रही दिले. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुलं दिवाळीनंतर वर्गात मागे येऊन बसायची. गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये बैलगाड्या परतीला लागायच्या आणि ती मुलं जायची. नेमकी आपली वार्षिक परीक्षा तेव्हाच. त्यांचं शाळेचं वर्ष कारखान्याच्या पट्ट्यावर सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. त्यांना सेंड-ऑफ कुणी दिला नाही. आपल्यालाही तेव्हा ते खटकलं नाही.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. सेंड-ऑफच्या दिवशी ती गप्प होती. मी तिच्या वहीत 'भेटत राहू' असं लिहिलं. तिने माझ्या वहीत फक्त सही केली. भूमितीचा पेपर झाल्यावर कळलं, की तिचं लग्न मे महिन्यात ठरलंय. मुलीच्या लग्नाचं वय 1978 पासून 18 आहे, हे आम्ही दोघींनी नागरिकशास्त्रात पाठ केलं होतं. राज्यात मुलींना बारावीपर्यंत फी नव्हती, हेही खरं. पण बारावीपर्यंत पोचायला घरातून निघावं लागतं. मी त्या दिवशी तिला काहीच विचारलं नाही. मला माझ्या टक्क्यांची काळजी होती.

निकाल जूनमध्ये लागला. त्यानंतर आषाढी वारी आली, तुकोबांची पालखी आपल्या रस्त्याने गेली. दरवर्षी गणवेश घालून वारकऱ्यांना पाणी द्यायला आपणच उभे असायचो. त्या वर्षी मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, आईशेजारी उभी होते. शाळा संपली, हे मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज 2000 साली निघालं, तोवर आमचं अर्धं शिक्षण होऊन गेलं होतं.

तिसरं साल 2021. माझा भाचा इंदापूरला दहावीला होता. त्याच्या आधीच्या वर्षी, 2020 मध्ये, कोरोनामुळे दहावीचा शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. 2021 मध्ये तर परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीतलं अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लागला. सगळ्यांना वाटलं, पोरं खूश होतील. भाचा दोन दिवस खूश होता. मग म्हणाला, "मावशी, आमची शाळा संपलीच नाही गं. नुसती बंद पडली." हॉलतिकीट नाही, केंद्रावरची धाकधूक नाही, शेवटच्या पेपरनंतर शाई उडवणं नाही. शेवटाची भीती वाटते, पण शेवट मिळायला हवा, हे मला त्या पोराने शिकवलं.

म्हणून यादीबद्दल एक विनंती. मी ती निकालाच्या पानावरून केली होती आणि तिथेच चुकले. निकालाचं पान दहावीला बसलेल्यांचं असतं. वर्ग त्याहून मोठा होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येकाचं नाव आणि शाळा सोडल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आपल्यापैकी दोघं-तिघं बसून पाचवीपासूनची नावं पाहू शकतात. आठवीत लग्न झालेली, नववीत शेतावर गेलेला, हंगामापुरती आलेली, अशी सगळी नावं यादीत घेऊ. ज्यांची गावं कळतील त्यांना आमंत्रण देऊ.

बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर मला गेल्या महिन्यात मिळाला. ती लासुर्ण्याजवळ असते, तिची मुलगी यंदा बारावीला आहे. फोनवर मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ते राहू दे. मेळाव्याला येऊ का, ते सांग. माझी तर दहावी पास झाल्याची नोंद आहे ना तिथं?"

आहे. मी पाहिली. यादीत तिचं नाव सतराव्या ओळीत आहे.