फेनरिर सुटतो तेव्हा : एका प्रलयाचा घटनाक्रम

साकोलीहून पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात शिरलात की रानकुत्र्यांचा मुलूख लागतो. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपूट, शिट्टीसारखी साद. लांडग्याच्याच कुळातला हा प्राणी सावजाचे जिवंतपणी लचके तोडतो, म्हणून इंग्रजी अमदानीत त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. भीतीपोटी वैर धरले की काय होते, ते उत्तर युरोपातल्या फेनरिर लांडग्याच्या पुराणकथेत दिसते. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास ती लिहून ठेवली. कथेत घड्याळ नाही, टप्पे मात्र स्पष्ट आहेत.

पिल्लूपण : कपटी लोकीचे हे पिल्लू देवांच्याच घरी वाढते. त्याला खाऊ घालण्याची हिंमत एकट्या टीर या देवाची. हा लांडगा आपला घात करणार, असे भाकीत देवांच्या कानी येते.

दोन साखळ्या : ताकद आजमावण्याच्या बहाण्याने देव त्याला बांधतात. लेडिंग तुटते, द्रोमीही तुटते.

तिसरे बंधन : बुटके कारागीर ग्लेइप्निर घडवतात. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी यांपासून बनलेली ती रेशमी फीत. लांडग्याला संशय येतो. तो अट घालतो : कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. टीर ठेवतो. फीत आवळते, टीर सोडून सारे देव हसतात. टीरचा हात मनगटापासून जातो. लांडग्याच्या जबड्यात तलवार उभी रोवली जाते.

तीन हिवाळे आधी : हिवाळ्यामागून हिवाळा येतो, मधे उन्हाळाच नाही.

शेवटचा दिवस : दुसरे लांडगे सूर्य-चंद्र गिळतात. धरणी हादरते, सगळी बंधने तुटतात. देवांचा पहारेकरी हाइमडाल शिंग फुंकतो. फेनरिर धावत येतो. खालचा जबडा जमिनीला, वरचा आभाळाला.

शेवटची घटका : विग्रिडच्या मैदानात सोन्याचे शिरस्त्राण घातलेला देवांचा राजा ओडिन थेट त्याच्यावर चालून जातो. लांडगा त्याला गिळतो. ओडिनचा मुलगा विडार खालच्या जबड्यावर पाय रोवून त्याचा जबडा फाडतो. मग आग सारे जग जाळते.

भाकीत खरे ठरले, पण लांडग्याला वैरी केले ते देवांच्या दगाबाजीने. आपल्याकडे बक्षिसांचा काळ सरला, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तरी रानकुत्रा आज जगभर संकटग्रस्त आहे. पाळीव कुत्र्यांचे रोगही त्याला लागतात. म्हणून जंगलालगतच्या गावकऱ्यांना विनंती : मेलेल्या गुरांवर विष टाकू नका, आणि आपल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या.