धूळपाटी आणि पाठभेद

पंतोजींच्या जुन्या शाळेत मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कागद-बोरू देत नसत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, पंतोजींनी ते पाहिले की हात फिरवून पुसायचे आणि धूळ पुन्हा सारखी करायची. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिथला. मराठी विकिपीडियावर नवख्या माणसाने सरावासाठी वापरायच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. इंग्रजीत त्याच पानाचे नाव लहान मुलांच्या वाळूतल्या खेळावरून आले आहे. मराठी नाव ज्याला सुचले त्याने भाषांतर न करता आपल्याच घरातली जुनी वस्तू काढून दिली, आणि माझ्या मते ती अधिक नेमकी आहे. वाळूत मूल खेळते; धूळपाटीवर ते शिकते, आणि चुकलेले कुणाच्या तरी देखत पुसते.

विकीवर लिहायला शिकण्याच्या रीतीचा थोडा इतिहास येथे मांडायचा आहे. साहित्याच्या वर्गात या विषयाचे काय काम, अशी शंका काही अध्यापक-मित्रांनी पूर्वीच बोलून दाखवली आहे. विद्यार्थी निबंधात विकिपीडियावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवतात, म्हणून त्याचे नाव काढले तरी आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी रास्त आहे. पण उतरवून घेणारा विद्यार्थी आणि त्याच्यावर रागावणारा अध्यापक हे दोघेही पानाचा दर्शनी भागच पाहतात. त्या पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती दाबून पाहिलेले फार थोडे जण मला भेटले.

पहिली विकी २५ मार्च १९९५ रोजी सुरू झाली. अमेरिकेतील ओरेगन राज्यातले प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांना आपल्या व्यवसायबंधूंचे अनुभव एका ठिकाणी नोंदवून घ्यायचे होते, आणि प्रत्येकाने मजकूर आपल्याकडे पाठवावा व आपण तो चढवत बसावे, हा व्याप नको होता. म्हणून त्यांनी वाचकालाच पान बदलण्याची मुभा दिली. ‘विकी’ हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘जलद’. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना ने-आण करणाऱ्या बसचे ‘विकी विकी’ हे नाव त्यांच्या लक्षात राहिले होते. या विकीत नवे पान निर्माण करण्याची रीत मोठी मौजेची होती. लिहिताना एखाद्या विषयाचे नाव घ्यायचे. त्या नावाचे पान अस्तित्वात नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह उमटे. ते दाबले की कोरे पान उघडे. म्हणजे पान जन्माला येण्यापूर्वी कुणीतरी त्याची उणीव उच्चारलेली असे. पुढे विकिपीडियावर या प्रश्नचिन्हाची जागा लाल दुव्याने घेतली.

मात्र दुवा करण्याची कनिंगहॅम यांची मूळ युक्ती देवनागरीच्या कामाची नव्हती. दोन शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर कॅपिटल करायचे, की संगणक त्याला पानाचे नाव समजे. देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. ही युक्ती कायम राहिली असती, तर मराठीत विकी लिहिणाऱ्याला प्रत्येक पानाला रोमन नाव द्यावे लागले असते! विकिपीडियाचा आरंभही याच पद्धतीने झाला होता. पण त्याच वर्षी दुहेरी चौकटी कंसांची सोय आली आणि कंसात लिहाल ते, कोणत्याही लिपीत, पानाचे नाव होऊ लागले. इतक्या लहानशा तांत्रिक फेरफारावर एका भाषेचा प्रवेश अवलंबून असावा, हे मुद्रणाचा इतिहास शिकवणाऱ्यांना नवीन वाटू नये.

विकिपीडियाची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात. जिमी वेल्स यांच्या कंपनीने मार्च २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश आरंभला. लॅरी सँगर त्याचे मुख्य संपादक. लेख जाणकारांनी लिहायचे आणि सात पायऱ्यांच्या परीक्षणातून पार पाडायचे, अशी योजना होती. ती बंद पडेपर्यंत संमत झालेले लेख दोन डझनांच्या आसपास भरले. त्याला कच्चा माल पुरवण्यासाठी १५ जानेवारी २००१ रोजी विकी उघडली गेली, आणि वर्ष संपायच्या आत तीवर सुमारे वीस हजार लेख झाले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

या आकड्यांवरून पंडितांचा पराभव आणि सामान्यांचा विजय असा निष्कर्ष काढण्याची चाल आहे. मला ती मान्य नाही. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांत, एका माणसाच्या हट्टावर आणि त्याने जमवलेल्या मंडळाच्या कष्टांवर उभा राहिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. वर्णानुक्रमात शेवटी येणाऱ्या नोंदींना वाचकाने तोवर वाट पाहायची, ही त्या पद्धतीची किंमत. पण नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि त्या नावाला जबाबदार धरता येते, हे तिचे मोल. विकीच्या पानाखाली असे नाव नसते. मग जबाबदारी कुठे राहते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘इतिहास’ या कळीमागे आहे.

येथे आपल्या परंपरेकडे वळले पाहिजे. पोथी नकलून घेणारा लेखनिक चुका करी, क्वचित सुधारणाही करी. एखाद्याने समासात लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मूळ मजकुरात जाऊन बसे. कोणी, केव्हा, का बदलले, याची नोंद कुठेच नसे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. ज्या ग्रंथात भर पडतच होती, त्याविषयीच असा इशारा द्यावा लागतो. नाथांनी नेमके काय गाळले आणि काय बदलले, हे मात्र आपल्याला त्या प्रतीवरून समजत नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने या अज्ञातावर उपाय शोधला. १९२५ पासून तिची सूत्रे वि. स. सुकथनकर यांच्याकडे आली, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले आणि १९६६ पर्यंत सर्व पर्वे छापून निघाली. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे: वर स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टाइपात नाकारलेले पाठ, कोणत्या हस्तलिखितात काय आहे याच्या खुणांसह. शिवाय जिथे संपादकाला स्वतःच्या निवडीची खात्री नाही, तिथे शब्दांखाली एक नागमोडी रेघ. विद्यार्थिदशेत त्या रेघेचा अर्थ मला प्रथम कळला, तेव्हा विद्वत्तेविषयीची माझी कल्पनाच बदलली. विकिपीडियावर वाक्याच्या अंती ‘संदर्भ हवा’ अशी चौकटी कंसातली खूण दिसली की मला ती रेघ आठवते.

विकीच्या इतिहासपानावर प्रत्येक बदल तारीख-वेळेसह, बदलणाऱ्याच्या नावासह आणि त्याने दिलेल्या कारणासह उभा असतो. कोणतेही दोन पाठ शेजारी ठेवून पाहता येतात, आणि जुना पाठ एका कळीने परत आणता येतो. हे साम्य फार ताणू नये. चिकित्सक आवृत्ती मागे जाते, उपलब्ध साधनांतून निघेल तितका जुना पाठ शोधते. विकीला असा मूळ पाठच नसतो, आणि तिचा शेवटचा पाठ केवळ शेवटचा म्हणून वर असतो. तरीही ज्या वाङ्मयपरंपरेत पाठभेद हुडकण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या, तिच्या वारसांनी पाठभेदांसह जन्मणारे लेखन बघायलाही नकार द्यावा, हे मला विचित्र वाटते.

आणि ही सोय विकीला उपजत नव्हती. कनिंगहॅम यांच्या विकीवर आरंभी पानाचे सगळे जुने पाठ राखले जात नसत. विकिपीडियाची पहिली आज्ञावली जागा वाचवण्यासाठी ठरावीक दिवसांनंतर जुने पाठ काढून टाकी. परिणामी, प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवतो म्हणून मिरवणाऱ्या या कोशाचे स्वतःचे बालपणच हरवले होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या विकिमीडियाच्या प्रोग्रॅमरला जुन्या फायली चाळताना २००१ च्या ऑगस्टपर्यंतच्या प्रती सापडल्या आणि त्यातून पहिल्या महिन्यांतली संपादने उजेडात आली. अडगळीतल्या दप्तरात पोथी सापडावी, तशीच ही गोष्ट.

माझे स्वतःचे शिक्षण धूळपाटीवर झाले असते तर बरे झाले असते. मी थेट एका दिवंगत समीक्षकाच्या पानावर गेलो आणि दोन परिच्छेद लिहून जतन केले. ‘व्यासंगी’, ‘साक्षेपी’, ‘मराठी समीक्षेच्या नभांगणातील’ वगैरे सारे त्यात होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो जन्मसाल आणि ग्रंथांची नावे तेवढी शिल्लक. इतिहासात कारण नोंदवलेले: गौरवपर विशेषणे काढली. रागाने मी ती परत घातली. ती परत निघाली, आणि या वेळी चर्चापानावर नम्र शब्दांत विचारणा झाली की ‘साक्षेपी’ असे त्यांना कोणी, कुठे म्हटले आहे? मी उत्तर शोधू लागलो. सगळेच म्हणतात, पण नेमके कोणी म्हटले ते सापडेना. तीस वर्षे शोकसभांत आणि गौरवग्रंथांत वापरलेली भाषा त्या रात्री माझ्याच डोळ्यांसमोर मोडून पडली. उरलेला मजकूर अधिक चांगला होता, हे कबूल करायला मला काही महिने लागले.

अडचणींपैकी काही खास मराठी आहेत. ‘पहाऱ्याची’ या शब्दातला ऱ्य संगणकाला दोन प्रकारे सांगता येतो: नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. त्यामुळे एकाच नावाची दोन पाने होऊ शकतात आणि शोधणाऱ्याला त्यातले एकच सापडते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, तोवर तो ‘अ’वर चंद्र ठेवून साधला जाई, आणि ते जुने लेखन अजून आढळते. जुन्या फाँटांतून सुटून युनिकोडमध्ये आलेल्यांना हा छळ परिचित आहे. डोळ्यांना न दिसणारा पाठभेद ही कल्पना मात्र सुकथनकरांनाही रुचली असती.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. २०१३ पासून कंस आणि चिन्हे न शिकताही संपादन करता येऊ लागले, तेव्हा हात सोपा झाला. पुराव्याचे काम तसेच राहिले. अनियतकालिकांपैकी ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांच्यावर निदान थोडेफार लिहिले गेले आहे. त्यांच्या मागून निघून तीन-चार अंकांत मिटलेल्या एका चक्रमुद्रित अंकाचे पान मी निर्माण केले. नावाचा लाल दुवा दुसऱ्या एका पानावर कित्येक वर्षे तसाच पडून होता. माझ्याकडे दोन अंक आहेत, संपादकांना मी ओळखत होतो, काय घडले ते मला ठाऊक आहे. यातले शेवटचे दोन पुरावे विकीला चालत नाहीत. इतर कोणी प्रसिद्ध केलेला उल्लेख दाखवा, असा तिचा नियम. शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची १९५० ला थांबते. पुढच्या काळातल्या अशा अंकांची नोंद ग्रंथालयांनी फारशी घेतलेली नाही. जे मुळातच प्रस्थापित छपाईला नाकारून निघाले, त्याला प्रस्थापित छपाईचा दाखला मागायचा, यात अन्याय आहे असे मी चर्चापानावर लिहिले. उत्तर आले की अन्याय असेलही, पण तुमची आठवण खरी आणि दुसऱ्याची खोटी हे आम्ही कशावरून ठरवावे? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. नियम चुकीचा आहे असे मला वाटत नाही. तो या अंकांना अपुरा आहे, एवढेच.

त्यानंतर मी उलट्या बाजूने काम धरले. त्या अंकाविषयी एका लहान नियतकालिकात टिपण लिहिले, दोन्ही अंकांची अनुक्रमणिका त्यात छापून घेतली, आणि आता तिसऱ्याच कुणीतरी त्या टिपणाचा संदर्भ पानाला जोडला आहे. पान टिकले. चार वाक्यांपुढे अजून ‘संदर्भ हवा’ आहे. गेल्या पावसाळ्यात चर्चापानावर एका अनोळखी सदस्याने लिहिले की त्याच्या वडिलांच्या कपाटात या नावाचा एक अंक निघाला आहे, त्यावर क्रमांक तीन आहे आणि मुखपृष्ठ निम्मे फाटलेले आहे. मी त्याला मागल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितले आहे. प्रकाशनाचे वर्ष बहुधा तिथे असेल.