सिद्दीकुर रहमान: बॉल बॉय ते ऑलिम्पिकचा ध्वजवाहक

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात मोठे साहेब, हिरवीगार मैदानं आणि गेटवरचा वॉचमन. मोहल्ल्यातल्या मुलाचा त्या गेटच्या आत जायचा संबंध येतो तो फक्त कामापुरता. बांगलादेशच्या सिद्दीकुर रहमानचाही संबंध असाच आला. तो आत गेला बॉल गोळा करायला, आणि पुढे त्याच खेळाने त्याला ऑलिम्पिकमध्ये देशाचा झेंडा हातात दिला. आपल्याकडे त्याच्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून त्याच्या कारकिर्दीची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

बालपण

सिद्दीकुरचा जन्म २० नोव्हेंबर १९८४ चा. कुटुंब मूळचं मदारीपूर जिल्ह्यातलं. रोजीरोटीसाठी ते ढाक्यात आलं आणि वडील ऑटोरिक्षा चालवू लागले. ढाक्याच्या कँटोन्मेंट भागात कुर्मिटोला गोल्फ क्लब आहे. घरात पैशाची तंगी, म्हणून सिद्दीकुर लहान वयातच तिथे बॉल बॉय म्हणून जाऊ लागला. पुढे तो कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालणारा. हे काम बाहेरून हमालीचं दिसतं, पण कॅडीला खेळ फार जवळून बघायला मिळतो. कुठल्या अंतराला कोणती स्टिक, वारा कुठून येतोय, हिरवळीचा उतार कसा आहे, हे सगळं तो रोज पाहतो. सिद्दीकुरची पहिली तालीम हीच. स्वतःची स्टिक घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा लोखंडी सळईपासून बनवलेल्या स्टिकवर त्याने सराव केला.

त्याचं नशीब उघडलं ते एका चांगल्या निर्णयामुळे. बांगलादेशच्या गोल्फ फेडरेशनने बॉल बॉय आणि कॅडी मुलांमधूनच खेळाडू निवडून त्यांना शिकवायचं ठरवलं. त्या मुलांमध्ये सिद्दीकुर होता. हौशी खेळाडू म्हणून त्याने १२ स्पर्धा जिंकल्या आणि २००५ मध्ये तो व्यावसायिक झाला.

व्यावसायिक गोल्फ म्हणजे काय?

हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या यशाची किंमत कळणार नाही. या खेळात महिन्याचा पगार नसतो. स्पर्धा साधारणपणे चार दिवसांची, रोज १८ होल. जो सर्वांत कमी फटक्यांत खेळ संपवतो तो जिंकतो. दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो, म्हणजे मागे पडलेले साधारण निम्मे खेळाडू घरी जातात आणि बहुतेक वेळा त्यांना एक पैसाही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीची मजुरी हा खर्च मात्र खेळाडूच्या खिशातून गेलेलाच असतो. ज्याच्या पाठीशी घरचा पैसा नाही, त्याच्यासाठी प्रत्येक आठवडा म्हणजे जोखीम.

सिद्दीकुरला सुरुवातीला आधार मिळाला तो भारताचा. इथल्या पीजीटीआय टूरवर तो खेळला, स्पर्धा जिंकल्या आणि तिथूनच आशियाई टूरकडे गेला.

मोठे विजय

१ ऑगस्ट २०१० रोजी त्याने ब्रुनेई ओपन जिंकली. दक्षिण आफ्रिकेच्या ज्बे क्रुगरशी बरोबरी झाल्यावर प्लेऑफ झाला आणि त्यात सिद्दीकुर सरस ठरला. आशियाई टूरवर जिंकणारा तो पहिला बांगलादेशी. प्रसारमाध्यमं त्याला ‘बांगलादेशचा टायगर वूड्स’ म्हणू लागली.

दुसरा मोठा विजय आपल्या भूमीवरचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर हीरो इंडियन ओपन झाली. शेवटच्या दिवशी त्याची आघाडी कमी कमी होत गेली, पण एका फटक्याने तो टिकला. मागे राहिले ते अनिर्बान लाहिरी आणि एसएसपी चौरसिया, दोघेही भारताचे नामवंत खेळाडू. बक्षीस होतं २ लाख २५ हजार डॉलर. यातला चौरसियाही कोलकात्यात गोल्फ कोर्सवर राबणाऱ्या घरातलाच. त्याचे वडील तिथे माळी होते. म्हणजे त्या दिवशी साहेबांच्या मैदानावर कॅडी आणि माळ्याचा मुलगा समोरासमोर होते.

पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर सेल-एसबीआय ओपनचा प्लेऑफ झाला. या वेळी दिल्लीच्या राशिद खानने सिद्दीकुरला हरवून आपली पहिली आशियाई टूर स्पर्धा जिंकली. राशिदने २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत भारतासाठी सांघिक रौप्यपदक मिळवलं होतं. आपल्या मुलांना ही दोन्ही नावं माहीत असायला हवीत.

रिओ २०१६

मे २०१६ मध्ये मॉरिशस ओपनमध्ये सिद्दीकुर एका फटक्याने हुकला आणि दुसरा आला. विजय गेला, पण त्या गुणांनी क्रमवारीत त्याला वर नेलं. ऑलिम्पिकमध्ये ११२ वर्षांनी गोल्फ परत येत होता आणि पुरुषांमध्ये फक्त ६० जागा होत्या. त्यातली एक त्याने मिळवली. तोवर बांगलादेशचे खेळाडू ऑलिम्पिकला जात ते वाइल्ड कार्डवर. थेट पात्र ठरलेला हा पहिलाच. उद्घाटन सोहळ्यात बांगलादेशचा ध्वज त्याच्याच हातात होता. रिओत पदक मिळालं नाही, क्रमवारीतही तो बराच खाली राहिला. पण ६० जणांत येणं हेच मोठं काम होतं.

मागे काय राहिलं?

२०१५ पासून आशियाई टूरची स्पर्धा ढाक्यात, त्याच कुर्मिटोला क्लबवर होऊ लागली. पहिली स्पर्धा जिंकली सिंगापूरच्या मर्दान मामतने. तोही एकेकाळचा कॅडीच. २०१७ मध्ये सिद्दीकुर तिथे दुसरा आला. ज्या मैदानावर त्याने दुसऱ्यांचे बॉल उचलले, तिथे लोक त्याचा खेळ बघायला आले. आज बांगलादेशातले कितीतरी व्यावसायिक गोल्फर बॉल बॉय आणि कॅडी म्हणूनच पुढे आलेले आहेत.

गरिबीतून वर आलेल्या माणसाची गोष्ट सांगताना आपण ‘मेहनत केली, फळ मिळालं’ म्हणून मोकळे होतो. मेहनत तर त्याच्यासोबतच्या सगळ्या पोरांनी केली. फरक पडला तो कुणीतरी त्यांच्या हातातली टोपली काढून स्टिक दिली म्हणून. आपल्याही शहरांत गोल्फ क्लब आहेत, टेनिस कोर्ट आहेत, स्विमिंग पूल आहेत आणि तिथे काम करणारी, त्यांच्या भिंतीला लागून राहणारी मुलं आहेत. शाळा, अंजुमन आणि क्लबचे सभासद यांनी आठवड्यातून दोन तास जरी या मुलांसाठी गेट उघडलं, तर पुढचा सिद्दीकुर कुठल्या गल्लीतून येईल, सांगता येत नाही. हुनर अल्लाह कुणालाही देतो; संधी देणं मात्र आपल्या हातात आहे.